फळीवर असेल तेच खांद्यावर

शुक्रवार, प्रिटोरिया

दुकानात टांगलेल्या रायफलींमधली सगळ्यात देखणी रायफल सगळ्यात स्वस्त होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, माउझरची जुनी अॅक्शन (काडतूस चढवायची-काढायची यंत्रणा), नळीवर नेम धरायला इंग्रजी धाटणीच्या पानांची साइट. बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप आणि त्यात चालणारं काडतूस, .४०४ जेफ्री. भाची तिच्यासमोरून हलेना. "एवढी स्वस्त कशी?" असं मालकाला विचारलं, तर त्याने मागच्या कपाटातून काडतुसांची एक पेटी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "माझ्याकडे एवढीच आहे. पुढची कधी येईल ते विचारू नका."

आमची ताई आणि दाजी खाणीतल्या नोकरीच्या निमित्ताने दक्षिण आफ्रिकेत गेले ते तिथलेच झाले. त्यांची मुलगी क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारच्या एका खासगी अभयारण्यात पायी सफारीची गाईड आहे. आतापर्यंत मालकाची रायफल घेऊन चालायची, नव्या नोकरीत मात्र स्वतःची रायफल आणायची अट आहे. मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उभी हयात काडतुसं तपासण्यात घालवलेली. त्यामुळे ताईचं फर्मान आलं, "तू ये आणि तिच्याबरोबर फिर. तुझ्या दाजींना यातलं ओ की ठो कळत नाही." मुंबईहून विमानात बसलो. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण इथे प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला. ही शिकारीची बंदूक नव्हे. पायी सफारीत आठेक पाहुणे असतात, पुढे एक बंदूकधारी गाईड, त्याच्या जोडीला दुसरा. दोघांचं खरं काम गोळी न झाडता सगळ्यांना परत आणणं. पण हत्ती किंवा बफेलो अंगावर आलाच तर हातातलं हत्यार त्याला थांबवणारं हवं. त्यामुळे तिथे .३७५ च्या खाली कोणी उतरत नाही.

तर .४०४. हे काडतूस १९०० च्या पहिल्या दशकातलं. टांगानिका, केनिया, ऱ्होडेशिया इथल्या वन्यजीव खात्यांनी वर्षानुवर्षं हेच वापरलं. दोष म्हणावा असा त्यात काही नाही. पण १९६० च्या दशकात इंग्लंडच्या कायनॉक कंपनीने या मोठ्या काडतुसांचं उत्पादन गुंडाळलं आणि आफ्रिकाभरच्या उत्तमोत्तम रायफली भिंतीला लागल्या. विंचेस्टरने १९५६ मध्ये आणलेल्या .४५८ ने ती जागा घेतली. ते श्रेष्ठ होतं म्हणून नव्हे, तर साध्या लांबीच्या अॅक्शनमध्ये बसायचं आणि दुकानात मिळायचं म्हणून. .४०४ ची काडतुसं आजही युरोपातून येतात, पण थोडी आणि महाग.

मला यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेल्या शेतकऱ्याच्या घरी काय असतं? बारा बोअर, नाहीतर .३१५. मिलिटरीचं .३०३ सामान्य माणसाला बंद, आणि बारा बोअर, .३१५ यांची काडतुसं आपल्या सरकारी कारखान्यांत, खडकीला वगैरे बनतात. शेतकऱ्याने बोअर निवडला असं कोणी म्हणत नाही, कारखान्याने निवडून दिला.

आणखी एक पेच आहे. दक्षिण आफ्रिकेत परवाना माणसाला नाही, त्या एका बंदुकीला मिळतो. आधी प्रशिक्षण, मग पोलिसांचं सक्षमता प्रमाणपत्र, मग प्रत्येक बंदुकीचा वेगळा अर्ज. पैसे भरले तरी परवाना येईपर्यंत बंदूक दुकानदाराच्याच कपाटात. त्यात बोअर लिहिलेला असतो आणि त्याच बोअरची काडतुसं दुकानदार देतो, तीही परवाना बघून. म्हणजे बोअर चुकला तर 'चला, बदलून घेऊ' हा प्रकार नाही, सगळी वरात पहिल्यापासून.

भाचीने .४०४ चा फोटो काढला आणि नाइलाजाने बाहेर आली.

संध्याकाळी दाजींनी अंगणात ब्रायसाठी, म्हणजे भाजण्याच्या मेजवानीसाठी, निखारे केले होते. त्यांचे शेजारी त्यावर बोरवोर्स नावाचं सॉसेज भाजत होते, आम्ही एका कडेला वांगी टाकली. वांगी तिथली, काळीकुळकुळीत, आपल्या भरताच्या हिरव्या वांग्याची सर नाही. पण ताईने कांद्याची पात, हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालून असं काही भरीत केलं की शेजाऱ्यांनी सॉसेज बाजूला ठेवून भाकरी मागून घेतली. बाजरीचं पीठ लॉडियमहून आणलेलं. प्रिटोरियाच्या पश्चिमेची ही वर्णभेदाच्या काळात भारतीयांसाठी राखलेली वस्ती, तिथे आजही मेथीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं. मुक्काम मोठा असेल तर किराणा तिथून भरून घ्या.

शनिवार, हूडस्प्रुटकडे

सकाळी भाची गाडी चालवायला बसली. मागच्या सीटवर ताईच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मास.

वाटेत डलस्ट्रूम लागतं. उंची २००० मीटरच्या वर, जुलै महिना, गवतावर पांढरं दव गोठलेलं. गाव ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध, पण तिथे थांबतात ते पॅनकेकसाठी. मी दालचिनी-साखरेचा घेतला, भाचीने कोंबडीचा. शेकोटीपाशी जागा मिळाली, म्हणून ठरलं त्यापेक्षा जास्त वेळ बसलो.

पुढे मशिशिंग, म्हणजे जुनं लायडनबर्ग, मग एबेल इरास्मस घाट. स्ट्रायडम बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता खाली उतरत जातो आणि ऑलिफन्ट्स नदीच्या खोऱ्यात आपण एकदम वेगळ्या हवेत येतो. वर स्वेटर, खाली अर्ध्या बाह्या. रस्त्याच्या कडेला संत्र्यांच्या जाळीदार पिशव्या लावलेल्या. संत्री घ्याच, हंगाम असतो.

"मामा, हा हिवाळा आहे," भाची म्हणाली. "डिसेंबरात इथे चाळिशीच्या वर जातं. काडतुसांचा पट्टा डॅशबोर्डवर विसरला तर हात लावता येत नाही."

हे ऐकून मी सावरून बसलो, कारण हा माझा विषय. काडतुसातली दारू तापली की चेंबरमधला, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं तिथला, दाब वाढतो. जुन्या कॉर्डाइट दारूचं तर फारच. रिग्बी कंपनीने १९११ साली .४१६ काढलं तेव्हा केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, मुद्दाम ऐसपैस ठेवली, म्हणजे तेवढंच काम कमी दाबात व्हावं आणि विषुववृत्तावरच्या उन्हातही रिकामी केस चेंबरमध्ये अडकू नये. आजच्या युरोपीय मानकात .४१६ रिग्बीचा कमाल दाब ३२५० बार आहे, तर .४१६ रेमिंग्टन मॅग्नम, जे १९८० च्या दशकाच्या शेवटी आलं, तेवढीच गोळी तेवढ्याच वेगाने टाकायला ४३०० बारपर्यंत जातं.

"म्हणजे रिग्बी घ्यावी?"

"कागदावर हो. काडतुसं कुठून आणशील ते सांग."

ती काही बोलली नाही. गाडीत बराच वेळ फक्त दशम्यांचा कागद वाजत होता.

हूडस्प्रुट गाव छोटं. सुपरमार्केटच्या मागे रानडुकरं चरतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. बंदुकीची दुकानं शनिवारी दुपारी लवकर बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, त्यामुळे असल्या कामाला कोणी जाणार असेल तर सोमवारपासून आखणी करा. भारतातून जाताना वाटेत केनिया किंवा इथिओपियात १२ तासांपेक्षा जास्त थांबणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला जवळ हवा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, हा भाग मलेरियाचा आहे, जरी हिवाळ्यात डास कमी असले तरी.

रविवार, रानात

भाचीच्या वरिष्ठ गाईडने मला पाहुणा म्हणून चालायला घेतलं. पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंत मोजे, बोलणं मोजकं. अंधारातच निघालो तेव्हा बोटं वाकत नव्हती. कॉफीत बुडवून खायचे घट्ट रस्क हातात दिले, ते खिशात ठेवून वाटेत खाल्ले.

निघण्यापूर्वी त्याने सगळ्यांसमोर रायफल भरली. मला तो सगळा विधी बघायचाच होता. पट्ट्यातलं एकेक काडतूस काढून बोटाने फिरवत त्याने केसचा काठ, प्रायमर (बुडावरची ठिणगी देणारी टिकली) आणि गोळीचं टोक बघितलं, मग मॅगझिनमध्ये दाबलं. आमच्या तपासणीच्या टेबलावर नेमकं हेच व्हायचं, फक्त आमचा माल केवढा लहान! फौजेच्या इन्सास रायफलच्या ५.५६ च्या गोळीचं वजन ४ ग्रॅम. याची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमच्या वर. एक काडतूस मला हातात घेऊ दिलं. सॉलिड, म्हणजे लागल्यावर न फुलणारी गोळी, टोक बोथट, पितळ नखाएवढ्या जागेतही डागाळलेलं नाही. बुडावर मात्र '.४५८ विन मॅग' असा ठसा.

"पण तुमच्या नळीवर तर .४५८ लॉट कोरलंय," मी म्हणालो.

तो हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसू.

जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये बफेलोने तुडवलं होतं. हातात .४५८ विंचेस्टर. त्या काळात तिची बदनामी होऊ लागली होती, कारण छोट्या केसमध्ये दारू ठासून भरलेली, ती कधी कधी गोळा व्हायची, नीट जळायची नाही आणि छापील वेग प्रत्यक्षात मिळायचा नाही. लॉटने पुढे १९७१ मध्ये तीच गोळी ठेवून केस लांब केली. मूळची केस अडीच इंच, याची २.८. तळापासचं माप तेच. त्यामुळे लॉटच्या चेंबरमध्ये विंचेस्टरचं आखूड काडतूस बिनतक्रार चालतं. उलटं चालत नाही.

"लॉट मिळाली तर लॉट," गाईड म्हणाला, "नाही मिळाली तर विंचेस्टर. आजची विंचेस्टर पूर्वीसारखी नाही, बरी आहे. सरावाला तीच वापरतो. गेल्या हंगामात लॉटची पेटी बघायला नव्हती, मी एकही फेरी चुकवली नाही."

चालताना बोलायचं नाही, एका रांगेत, गाईडच्या हाताकडे लक्ष. त्याच्याकडे मोज्यात भरलेली लाकडाची राख होती, दर थोड्या वेळाने ती झटकून वारा बघायचा. मोपाने नावाच्या झाडांचं वन होतं, पानं तांबूस, पायाखाली चुरचुर. तासाभराने त्याची मूठ वर गेली. डावीकडे, मला वाटलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, म्हातारे बफेलो बसले होते. कळपातून बाहेर पडलेले नर, अंगावर वाळलेला चिखल. एकाने मान वर केली. शिंगांच्या बुडाशी कपाळावर जो जाड कवचासारखा भाग असतो तो मला स्पष्ट दिसत होता, त्यावरचे ओरखडेही. राख आमच्याकडून त्यांच्याकडे उडाली. गाईडने हाताने मागे, मागे, असं केलं. आम्ही पाठ न दाखवता सरकत गेलो. भाची सगळ्यांत शेवटी, त्यांच्याकडे तोंड करून, रायफल आडवी छातीशी. माझ्या कडेवर खेळलेली पोर. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, ती त्या बफेलोच्या कानांकडे.

काही झालं नाही. काही न होणं म्हणजेच उत्तम फेरी, असं कॅम्पवर सांगतात.

दुपारी मक्याचं पाप आणि चकालाका. पाप म्हणजे घट्ट उकड, चकालाका म्हणजे टोमॅटो-सिमला मिरची-घेवड्याची तिखट भाजी. खानदेशी माणसाला यात उपाशी राहायची भीती नाही.

संध्याकाळच्या शेकोटीवर बुलावायोहून आलेला एक झिम्बाब्वेचा गाईड होता. कोणी बोअरचा विषय काढला की तो पेटायचा. त्याचं म्हणणं असं, की शिकारीला येणारे परदेशी पाहुणे घरून काडतुसं आणतात. विमानात माणशी ५ किलोची मर्यादा, वेगळ्या कुलूपबंद पेटीत. एवढ्या मोठ्या काडतुसांची ती शंभरही भरत नाहीत. रायफल येते, पेटी दुसऱ्याच विमानतळावर राहते. मग पाहुणा कॅम्पवर विचारत फिरतो, ".५०० जेफ्री आहे का कोणाकडे?" कोणाकडे असणार! पण .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) असेल तर कोणत्याही गाईडच्या पट्ट्यातून चार निघतात.

टांझानियात धोकादायक प्राण्यांना कायद्यानेच किमान .३७५, झिम्बाब्वेत बफेलोसाठी किमान व्यास ९.२ मिलीमीटर. व्यासाच्या हिशेबाने जर्मन ९.३ यात बसते. ऑटो बॉक नावाच्या बर्लिनच्या बंदूककाराने १९०५ मध्ये आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतवाल्यांसाठी ९.३×६२ बनवली, साध्या माउझर अॅक्शनमध्ये बसणारी, शेतकऱ्याला परवडणारी. नामिबियात तिची काडतुसं आजही सहज मिळतात. .३७५ १९१२ ची. एकशेदहा वर्षांवर एकच काडतूस सगळ्यांच्या फळीवर, असं दुसरं उदाहरण या वजनगटात मला माहीत नाही.

या गप्पांत भारताचाही विषय निघाला, तो मीच काढला. ब्रिटिशांनी भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली होती, कारण मार्टिनी-हेन्रीच्या फौजी काडतुसात तीच गोळी चालायची आणि ती बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. झालं, इंग्लिश बंदूकवाल्यांनी भराभर .४६५, .४७०, .४७५, .४७६ काढले. त्यातली .४७० नायट्रो आजही दुनाळी रायफलींत पहिल्या पसंतीची. म्हणजे आफ्रिकेतल्या शिकाऱ्याच्या हातातला बोअरसुद्धा कलकत्त्याच्या एका हुकमाने ठरला. झिम्बाब्वेचा गडी म्हणाला, "तेव्हा आमचं निम्मं दुखणं तुमच्यामुळे." मी म्हटलं, "आमच्या नव्हे, साहेबांच्या."

सोमवार, फळी आणि मैदान

दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात. मी रायफलींकडे बघितलंसुद्धा नाही, थेट काडतुसांच्या फळीकडे गेलो. वही काढली.

.३७५ एच अँड एच: प्रिटोरियाच्या पीएमपीच्या पेट्या रचलेल्या, सर्बियाच्या प्रवी पार्टिझानच्या, अमेरिकन दोन प्रकारच्या, मऊ टोकाची सॉफ्ट आणि सॉलिड दोन्ही. .४५८ विंचेस्टर: जरा कमी, पण सॉलिड भरपूर. .४५८ लॉट: एकच जातीची, तीही किमतीला जड. .४१६ रिग्बी: स्वीडनच्या नॉर्माच्या मोजक्या, .३७५ च्या दोन पेट्या येतील एवढ्या पैशात एक. .४१६ रेमिंग्टन: जागा होती, पेटी नव्हती. .४०४: जागाही नव्हती.

दुकानदारीण बाई मोठी मोकळी होती. घरी काडतुसं भरणाऱ्यांना सगळं चालतं, म्हणाली. सॉमकेम कंपनीची दारू, इथल्याच छोट्या कारखान्यांच्या गोळ्या. पण दारू येते तेव्हा रांग लागते, आणि प्रायमरलाही परवाना दाखवावा लागतो. कॅम्पवर राहणाऱ्या पोरीने कुठल्या टेबलावर प्रेस ठोकायचं?

इथे एक सूचना, जी मी भाचीला कागदावर लिहून दिली. पेटीवरचा बॅच नंबर बघा आणि जमेल तेवढ्या पेट्या एकाच बॅचच्या घ्या. बॅच बदलली की गोळी लागण्याची जागा थोडी सरकते, सॉफ्टवरून सॉलिडवर गेल्यावर तर नक्कीच. नवी बॅच आली की आधी कागदावर मारून बघायची, मग पट्ट्यात घालायची. साध्या परवान्यावर एका बंदुकीमागे २०० काडतुसांची मर्यादा आहे. मान्यताप्राप्त संघटनेमार्फत 'डेडिकेटेड' दर्जा घेतला तर ही मर्यादा उठते. सराव करायचा असेल तर तो दर्जा घ्यावाच.

दुपारी मैदानावर. दोन भाड्याच्या रायफली, एक .३७५, एक .४५८, दोन्ही ब्रनो बनावटीच्या. नेम एका जागी उभं राहून मारायचा नसतो. रुळावरून दोरीने ओढलेलं सिंहाचं चित्र अंगावर येतं आणि ते पोचायच्या आत गोळ्या टाकायच्या, मधे बोल्ट मारत, म्हणजे खिट्टी मागेपुढे ओढून नवं काडतूस चढवत, रायफल खांद्यावरून न काढता.

भाची अंगाने बारीक, वडिलांवर गेलेली. .४५८ ची पहिली गोळी तिने बरोबर छातीत घातली. धक्क्याने नळी वर गेली, ती खाली येऊन दुसरी सुटेपर्यंत सिंह पायाशी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग .३७५ घेतली. पहिली छातीत, बोल्ट, दुसरी पहिलीच्या शेजारी, बोल्ट, आणि तिसरीलाही वेळ उरला.

प्रशिक्षक .४५८ चा भक्त. तो म्हणाला, "हत्तीसमोर तुला मोठी गोळी हवी होती असं वाटेल." मग चित्रावरची भोकं बघून स्वतःच म्हणाला, "पण हत्तीसमोर दुसरी गोळी हवी होती असंही वाटेल."

परवानाधारकाच्या देखरेखीखाली पाहुण्याला मारता येतं. मी .३७५ ची एक मारली. मॅगझिनमधलं ३०० ग्रेनचं, म्हणजे १९ ग्रॅमचं. खांदा दुखायला रात्री सुरुवात झाली. रिकामी केस उचलून उलटीपालटी केली. प्रायमर सपाट नाही, बुडावर केस ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा ओरखडा नाही, म्हणजे दाब हिशेबात. आमच्याकडे असती तर शिक्का मारून पुढे सरकवली असती.

भाची माझ्याकडे बघत होती. मी मत दिलं. लॉट डोक्याने पटते, कारण एका चेंबरला दोन काडतुसांची सोय. पण तिची ती दोन्ही काडतुसं दंडाला तेवढीच जड. आणि महिन्याला किमान एक पेटी उडवल्याशिवाय हात बसत नाही. जी पेटी महिन्याला मिळेल, परवडेल आणि खांदा सोसेल, अशी फळीवर एकच होती.

बंद व्हायच्या आत दुकानात परत. एक जुनी ब्रनो ६०२, .३७५, दस्त्यावर पूर्वीच्या मालकाच्या पट्ट्याने घासलेली जागा. दिसायला अगदीच सामान्य. भाचीने पैसे भरले, अर्जाचा गठ्ठा घेतला, रायफल त्यांच्याच कपाटात गेली.

मंगळवार, क्रूगर

काम झालं होतं, म्हणून सुट्टी. ओरपेन गेटने आत. हिवाळ्यात गेट सकाळी ६ ला उघडतं आणि तेव्हाच पोचावं. कोणाकडे परवान्याची बंदूक असेलच तर गेटवर जाहीर करावी लागते, तिथे ती सील करतात.

सातारा (आपलं नव्हे, क्रूगरमधला कॅम्प) इथल्या रस्त्यावर जिराफ, झेब्रे, आणि एका पुलाखाली सुस्तावलेल्या सिंहिणी. गाड्यांची गर्दी बघून भाचीचं तोंड वाकडं झालं. पायी चालणाऱ्यांना गाडीतलं जंगल बेचव लागतं, हे तिच्या जातीचे सगळेच म्हणतात. मला मात्र गाडी बरी वाटली.

लेताबा कॅम्पवरचं हत्ती संग्रहालय चुकवू नका. क्रूगरच्या गाजलेल्या मोठ्या दातवाल्या हत्तींचे सुळे तिथे आहेत. त्यातल्या शावू नावाच्या हत्तीचा सुळा ३ मीटरच्या वर. मी त्यापेक्षा सांगाड्यासमोर जास्त थांबलो. हत्तीच्या कवटीचं हाड भरीव नसतं, मधाच्या पोळ्यासारखं पोकळ-पोकळ, आणि मेंदू त्या डोंगरात खूप मागे आणि लहानसा. मऊ टोकाची गोळी तिथे फुलून वाटेतच थांबते. म्हणून सॉलिड, आणि म्हणून भाचीच्या पट्ट्यात सॉलिडच जास्त असणार. दुकानातून निवडताना ती सॉलिड नियमित येतात का, हे विचारलं पाहिजे. नुसतं ".३७५ मिळते" यावर जाऊ नये.

उपाहारगृहाच्या गच्चीवरून नदी दिसते. व्हेटकूक घेतलं, तळलेल्या पावात खिमा. फालाबोर्वा गेटने बाहेर पडलो.

बुधवार, परत

त्सानीनचा रस्ता हिरवागार. चहाचे जुने मळे, अॅव्होकॅडोच्या बागा, मग माखुबासक्लूफच्या चढावर एवढं धुकं की भाचीने खिडकी खाली करून रस्ता ऐकत गाडी चालवली. पोलोक्वानेला बंदुकीचं एक दुकान दिसलं तेव्हा तिने न विचारता गाडी वळवली. .३७५ च्या पेट्या आहेत का, एवढंच बघून आली. होत्या.

घरी दाजींनी अर्जातल्या अटी वाचून ठेवल्या होत्या. बंदूक ठेवायला भिंतीत बोल्ट मारून बसवलेली मानांकित तिजोरी हवी आणि पोलीस ती येऊन बघू शकतात. कॅम्पवर ती असतेच, पण सुट्टीत घरी आणायची झाली तर घरीही हवी. ताई म्हणते देवघराच्या भिंतीला बंदुकीची तिजोरी लागणार नाही. दाजी म्हणतात दुसरी पक्की भिंत माझ्या अभ्यासिकेत आहे आणि तिथे माझी पुस्तकं आहेत. भाची टेप घेऊन मापं घेत होती. मी निघेपर्यंत तरी भिंत ठरली नव्हती.